डेलचा नफा नेमका कुठून येत होता? कॉम्प्युटर कंपन्या आणि पार्ट सप्लायच्या 'डील'चं गणित

तुमच्या लॅपटॉपच्या कीबोर्डशेजारी एक छोटा स्टिकर असतो. काही जण तो पहिल्याच दिवशी नखाने खरवडून काढतात, काहींच्या लॅपटॉपवर तो वर्षानुवर्षं तसाच असतो. लॅपटॉप डेलचा, एचपीचा किंवा लेनोव्होचा, पण स्टिकरवर नाव मात्र इंटेलचं.

हा प्रकार सुरू झाला १९९१ मध्ये. इंटेलने 'इंटेल इन्साइड' ही मोहीम काढली आणि कॉम्प्युटर कंपन्यांना सांगितलं, की तुमच्या जाहिरातीत आमचा लोगो दाखवा, जाहिरातीच्या खर्चातला काही वाटा आम्ही उचलू.

म्हणजे पार्ट विकणारी कंपनीच पार्ट घेणाऱ्या कंपनीला पैसे देते. ऐकायला उलटं वाटतं, पण या धंद्यात ते नेहमीचं आहे. आणि असे पैसे किती, कोणत्या अटीवर आणि कुणाला कळवून दिले जातात, यावर कॉम्प्युटर कंपनीचा नफा, तिचा शेअर आणि त्या शेअरमध्ये पैसे टाकणाऱ्यांचं नशीब ठरू शकतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे डेल आणि इंटेल. जगातली एक नंबरची पीसी कंपनी, जगातली सगळ्यात मोठी चिप कंपनी, आणि कित्येक वर्षं गुंतवणूकदारांना न सांगितलेली एक गोष्ट.

आधी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ

किराणा दुकानात कोल्ड्रिंकचा काचेच्या दाराचा फ्रिज पाहिलाय ना? बऱ्याचदा तो कंपनीने दिलेला असतो. अट साधी असते: या फ्रिजमध्ये दुसऱ्या कंपनीची बाटली ठेवायची नाही. वर महिन्याचं टार्गेट पूर्ण केलं, की स्कीम. स्कीम म्हणजे कधी जास्तीचे क्रेट, कधी क्रेडिट नोट, कधी थेट पैसे.

यात गैर काही नाही, धंदा असाच चालतो. आता समजा, या दुकानात तुमची भागीदारी आहे. दुकानदार दर महिन्याला सांगतो, 'धंदा जोरात आहे, आपण खर्च कमी ठेवतो म्हणून नफा चांगला सुटतो.' तुम्ही खूश होऊन आणखी पैसे टाकता. मग एक दिवस कळतं, की नफ्यातल्या शंभर रुपयांपैकी सत्तरेक रुपये कोल्ड्रिंक कंपनीच्या स्कीमचे होते आणि कंपनीने ती स्कीम आता बंद केली आहे.

दुकानदार खोटं बोलला नाही, असं तुम्ही म्हणाल का?

कॉम्प्युटर कंपनी नेमकं बनवते काय?

फार कमी. डेल असो, एचपी असो, या कंपन्या प्रोसेसर स्वतः बनवत नाहीत, मेमरी बनवत नाहीत, स्क्रीन किंवा हार्ड डिस्कही नाही. ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. त्या पार्ट विकत घेतात, डिझाइन ठरवतात, जोडणी करतात किंवा करून घेतात, विकतात आणि नंतर सर्व्हिस देतात.

त्यामुळे पीसीच्या किमतीतला मोठा भाग पार्टमध्येच जातो आणि कंपनीच्या हातात उरणारं मार्जिन पातळ असतं. त्यातही महागडे पार्ट बनवणारे मोजकेच. पीसीच्या प्रोसेसरमध्ये कित्येक वर्षं दोनच नावं होती, इंटेल आणि एएमडी. मेमरीत आज मुख्य खेळाडू तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन.

मार्जिन पातळ आणि सप्लायर मोजके, की पार्टच्या भावात दोन-चार टक्के इकडेतिकडे झाले तरी तिमाहीचा निकाल बदलतो. म्हणून या कंपन्या बाजारभावाने रोज खरेदी करत बसत नाहीत. आधीच करार करतात. कधी भाव बांधून घेतात, कधी माल राखून ठेवतात, कधी 'फक्त तुमच्याकडूनच घेऊ' म्हणतात आणि त्या बदल्यात काहीतरी मागतात.

डेलचे सोन्याचे दिवस

मायकल डेल यांनी १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठात शिकत असताना कंपनी सुरू केली. त्यांची युक्ती होती मधला दुकानदार काढून टाकण्याची. ग्राहकाने फोनवर (पुढे वेबसाइटवर) ऑर्डर द्यायची, मग कॉम्प्युटर जोडायचा आणि घरी पाठवायचा. गोदामात माल पडून राहायचा नाही. दोन हजारच्या दशकात डेलकडे जेमतेम चार-पाच दिवसांचाच साठा असायचा. ग्राहकाचे पैसे आधी यायचे, सप्लायरचे नंतर द्यायचे.

बिझनेस स्कूलमध्ये हा धडा म्हणून शिकवला जायचा. तिमाही निकाल आले, की डेलने विश्लेषकांचा अंदाज गाठलेला असायचा, आणि हे तिमाहीमागून तिमाही चालायचं. शेअर बाजाराला असं सातत्य प्रचंड आवडतं. कंपनी सांगायची, की आमचं मॉडेल कार्यक्षम आहे, आमचे खर्च कमी आहेत. ते खरंही होतं, फक्त अर्धंच.

डेलची आणखी एक ओळख होती. मोठ्या पीसी कंपन्यांमध्ये फक्त इंटेलचे प्रोसेसर वापरणारी ती एकटीच उरली होती. २००३ मध्ये एएमडीने सर्व्हरसाठी 'ऑप्टेरॉन' ही चिप आणली. ती चांगली होती, इतकी की आयबीएम, एचपी आणि सन या तिघांनीही ती घेतली. डेलचे ग्राहक विचारायचे, तुम्ही एएमडी कधी देणार? डेल इंटेलवर ठाम.

का ठाम? याचं उत्तर पुढे कोर्टाच्या कागदपत्रांत आलं. इंटेल डेलला वेगवेगळ्या नावांच्या योजनांखाली पैसे देत होतं. त्यातल्या एका योजनेचं नाव होतं 'मोॲप', म्हणजे 'मदर ऑफ ऑल प्रोग्रॅम्स'. सगळ्या स्कीमांची आई! नंतर तिचं नाव बदलून 'मीट कॉम्पिटिशन प्रोग्रॅम' असं सभ्य झालं. एसईसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सेबीच्या म्हणण्यानुसार या पैशांमागची खरी अट होती एएमडीपासून लांब राहण्याची.

एएमडीने भाव पाडून विकलं असतं तर?

हा प्रश्न साहजिक आहे. एएमडी स्वस्तात द्यायला तयार असेल, तर डेलने थोड्या तरी चिप तिच्याकडून का घेऊ नयेत? इथे अशा रिबेटचा खरा डाव कळतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

तुम्हाला १०० चिप हव्या आहेत. इंटेलचा भाव १०,००० रुपये. इंटेल म्हणतं, सगळ्या आमच्याकडून घेतल्यात तर प्रत्येक चिपमागे १,००० रुपये परत. म्हणजे तुमचा एकूण खर्च ९ लाख.

आता तुम्ही २० चिप एएमडीकडून घ्यायचं ठरवलंत. उरलेल्या ८० इंटेलकडूनच घ्याव्या लागणार, कारण तेवढ्या एएमडी बनवूच शकत नाही. पण अट मोडली, त्यामुळे त्या ८० चिपवरचंही रिबेट गेलं. ८० चिपचे झाले ८ लाख. आधीच्या ९ लाखांत बसायचं, तर एएमडीच्या २० चिपसाठी तुमच्याकडे उरले १ लाख. म्हणजे चिपमागे ५,००० रुपये.

इंटेलने सूट दिली फक्त १० टक्के, पण तिच्याशी बरोबरी करायला एएमडीला अर्ध्या भावात विकावं लागतंय.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. युरोपियन कमिशनने २००९ मध्ये इंटेलविरुद्ध निकाल देताना एक प्रसंग सांगितला होता. एएमडीने एका कॉम्प्युटर कंपनीला १० लाख प्रोसेसर चक्क फुकट देऊ केले. कंपनीने घेतले १ लाख ६० हजार. सगळे घेतले असते, तर बाकीच्या खरेदीवरचं इंटेलचं रिबेट हातचं गेलं असतं.

फुकटची वस्तू महाग पडते म्हणून नाकारली, अशी उदाहरणं धंद्यात फार सापडत नाहीत.

७६ टक्के

आता मूळ मुद्दा. हे पैसे डेलच्या नफ्यात किती होते?

एसईसीने जुलै २०१० मध्ये डेलवर केलेल्या कारवाईत हे आकडे मांडले. २००३ च्या आर्थिक वर्षात इंटेलकडून आलेले पैसे डेलच्या ऑपरेटिंग नफ्याच्या १० टक्के होते. २००६ च्या आर्थिक वर्षात ते ३८ टक्क्यांवर गेले. आणि २००७ च्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत थेट ७६ टक्के. (डेलचं आर्थिक वर्ष जानेवारीअखेर संपतं, त्यामुळे ही तिमाही म्हणजे फेब्रुवारी २००६ पासूनचे तीन महिने.)

म्हणजे त्या तीन महिन्यांत डेलने धंद्यातून १०० रुपये कमावले असं दाखवलं, तर त्यातल्या ७६ रुपयांइतकी रक्कम इंटेलकडून आलेली होती.

एसईसीचा त्याहून गंभीर आरोप असा, की हे पैसे नसते तर आर्थिक वर्ष २००२ ते २००६ या काळात डेल प्रत्येक तिमाहीत विश्लेषकांच्या अंदाजाला कमी पडली असती. एकूण एक तिमाहीत. ज्या सातत्यासाठी बाजार डेलच्या शेअरला जास्त भाव देत होता, त्या सातत्याचा मोठा आधार दुसऱ्या कंपनीच्या खिशात होता.

मे ते ऑगस्ट २००६

एएमडी नको म्हणत राहणं डेलला हळूहळू परवडेनासं झालं. सर्व्हरचे ग्राहक हातचे जात होते, एचपी सावरली होती. १८ मे २००६ ला डेलने जाहीर केलं, की वर्षअखेर काही सर्व्हरमध्ये आम्ही एएमडीचे ऑप्टेरॉन वापरू.

इंटेलने पैसे कमी केले.

१७ ऑगस्टला पुढच्या तिमाहीचा निकाल आला. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत डेलचा निव्वळ नफा १०० कोटी डॉलरच्या थोडा वर होता, तो ५० कोटींवर आला. जवळपास निम्मा. कंपनीने कारण काय सांगितलं? मागणी मंदावलेली असताना आम्ही भाव फारच आक्रमकपणे कमी केले, आणि पार्टच्या किमती अपेक्षेइतक्या उतरल्या नाहीत.

एसईसीच्या मते त्या तिमाहीत ऑपरेटिंग निकालात झालेल्या घसरणीपैकी सुमारे ७५ टक्के घसरण इंटेलचे पैसे कमी झाल्यामुळे होती. गुंतवणूकदारांना मात्र ते सांगितलंच नाही.

'पार्टच्या किमती अपेक्षेइतक्या उतरल्या नाहीत' हे वाक्य पुन्हा वाचा. इंटेलचं रिबेट कमी झालं म्हणजे डेलसाठी प्रोसेसर महागच झाला, त्या अर्थाने वाक्य खोटं नाही. पण ऐकणाऱ्याला वाटेल, बाजारात पार्ट महाग आहेत, सगळ्यांचंच होत असेल. प्रत्यक्षात ही महागाई फक्त डेलच्या वाट्याला आली होती आणि ती कशामुळे आली हे कंपनीला माहीत होतं. पूर्ण प्रकरणात मला हे वाक्य सगळ्यात बोलकं वाटतं.

डेलच्या सगळ्या दुखण्यांचं खापर यावर फोडणं चूक ठरेल. लोक डेस्कटॉप सोडून लॅपटॉपकडे वळत होते आणि लॅपटॉप दुकानात हाताळून घ्यायला लोकांना आवडायचं, तिथे डेल नव्हतीच. कस्टमर सर्व्हिसबद्दल तक्रारी वाढल्या होत्या. त्याच ऑगस्टमध्ये सोनीने बनवलेल्या लॅपटॉप बॅटऱ्या पेट घेण्याच्या भीतीने डेलला ४१ लाख बॅटऱ्या परत बोलवाव्या लागल्या (तीही पार्ट सप्लायचीच गोष्ट म्हणा). २००५ च्या मध्यावर ४० डॉलरच्या आसपास असलेला शेअर वर्षभरात २० च्या आसपास आला होता. जानेवारी २००७ मध्ये केव्हिन रोलिन्स यांच्या जागी मायकल डेल पुन्हा सीईओ झाले.

शिक्षा काय झाली?

डेल कंपनीने १० कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. मायकल डेल आणि रोलिन्स यांनी प्रत्येकी ४० लाख डॉलर, तर माजी सीएफओ जेम्स श्नायडर यांनी ३० लाख डॉलर. आरोप मान्य केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. अमेरिकेत अशा तडजोडी नेहमीच्या आहेत. याच कारवाईत कंपनीच्या हिशोबनिसांवर आणखी एक आरोप होता: चांगल्या तिमाहीत थोडा नफा बाजूला दडवून ठेवायचा आणि वाईट तिमाहीत तो बाहेर काढून आकडा जुळवायचा.

इंटेलचं काय? तिच्यावरचे खटले वेगळे होते. तिथे प्रश्न होता, की असं रिबेट देऊन स्पर्धकाला रोखणं बेकायदा आहे का. युरोपियन कमिशनने मे २००९ मध्ये १०६ कोटी युरोचा दंड ठोकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातले वाद मिटवले. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने दाखल केलेल्या खटल्यात असा आरोप होता, की एकट्या २००६ मध्ये इंटेलने डेलला जवळपास २०० कोटी डॉलर दिले आणि त्या वर्षीच्या दोन तिमाहींत ही रक्कम डेलने जाहीर केलेल्या निव्वळ नफ्यापेक्षाही जास्त होती. तो खटला २०१२ मध्ये अवघ्या ६५ लाख डॉलरवर मिटला, इंटेलने चूक मान्य न करता.

युरोपातला दंड तर २०२२ मध्ये तिथल्या कोर्टाने रद्द केला. कमिशनने केलेलं विश्लेषण अपुरं आहे, असं कोर्टाचं म्हणणं होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च पातळीवरही तेच कायम राहिलं. दरम्यान २०२३ मध्ये कमिशनने इंटेलला नवा, सुमारे ३७.६ कोटी युरोचा दंड लावला, कारण एएमडीचे कॉम्प्युटर उशिरा आणावेत किंवा रोखावेत म्हणून एचपी, एसर आणि लेनोव्होला दिलेले पैसे.

म्हणजे रिबेट देणं कायदेशीर की बेकायदा, यावर कोर्टांना पंधरा वर्षं पुरली नाहीत. पण डेलवरची एसईसीची कारवाई त्या प्रश्नावर नव्हतीच. पैसे घेतले म्हणून दंड झाला नाही, शेअर घेणाऱ्यांना ते सांगितलं नाही म्हणून झाला.

हिशोबात दिसलं कसं नाही?

कारण हिशोबाच्या नियमांप्रमाणे सप्लायरकडून परत आलेले पैसे सहसा 'उत्पन्न' म्हणून वेगळे दाखवत नाहीत. ते मालाच्या खर्चातून वजा होतात. १०० रुपयांचा पार्ट, १० रुपये रिबेट, तर खर्च ९० रुपये, विषय संपला. भारतातले नियमही याच तत्त्वावर चालतात.

तत्त्व योग्यच आहे. अडचण अशी, की बाहेरून पाहणाऱ्याला फक्त ९० दिसतात. कंपनीने भाव घासून ९० ला आणलं, तंत्रज्ञान स्वस्त झालं, की उद्या बंद होऊ शकणारं रिबेट होतं, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. ते कंपनीने शब्दांत सांगावं लागतं. त्यासाठीच वार्षिक अहवालात 'मॅनेजमेंट डिस्कशन अँड ॲनालिसिस' हा भाग असतो, जो बहुतेक लोक स्क्रोल करून पुढे जातात.

पैसे उलट्या दिशेनेही वाहतात

डेलला सप्लायर पैसे देत होता. काही कंपन्या नेमकं उलट करतात, सप्लायरला आगाऊ पैसे देतात.

सप्टेंबर २००५ मध्ये ॲपलने आयपॉड नॅनो आणला. त्यात हार्ड डिस्कऐवजी फ्लॅश मेमरी होती. नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं, की हायनिक्स, इंटेल, मायक्रॉन, सॅमसंग आणि तोशिबा या पाच कंपन्यांशी २०१० पर्यंत मेमरी पुरवण्याचे करार झाले आहेत आणि त्यासाठी पुढच्या तीन महिन्यांत १२५ कोटी डॉलर आगाऊ देणार आहोत. तेव्हा आयफोन जगाला माहीतही नव्हता. रोख पैसे हाताशी असलेल्या कंपनीने बाजारातला माल आधीच राखून ठेवला. इतरांना उरलेल्यातून घ्यायचं होतं.

इथे एक फरक नजरेत भरतो. ॲपलने ही डील स्वतः जाहीर केली, कंपन्यांची नावं, मुदत आणि रक्कम सांगून. शेअर घेणाऱ्याला तिचं वजन करता येत होतं.

पण आगाऊ पैसे मिळाले म्हणजे सप्लायर तरला, असंही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये जीटी ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीने ॲपलला सफायर, म्हणजे काचेसारखं पण फार कठीण पदार्थ, पुरवण्याचा करार केला. ॲपल ५७.८ कोटी डॉलर आगाऊ देणार होती. बातमी आली आणि जीटीच्या शेअरने उसळी घेतली. ॲपलसारखं गिऱ्हाईक मिळालं, आणखी काय हवं!

करारातली अट मात्र कमी लोकांनी वाचली. माल इतरांना विकण्यावर जीटीवर बंधनं होती, पण ठरावीक माल घेतलाच पाहिजे असं बंधन ॲपलवर नव्हतं. आणि आगाऊ रक्कम ही भेट नव्हती, २०१५ पासून पाच वर्षांत फेडायची होती. ॲरिझोनातल्या मेसा इथल्या कारखान्यात हवा तसा सफायर निघेना. शेवटचा १३.९ कोटी डॉलरचा हप्ता ॲपलने अडवला. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोन ६ आला, त्याची स्क्रीन सफायरची नव्हती. ६ ऑक्टोबरला जीटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ११ डॉलरचा शेअर एका दिवसात ८० सेंटवर आला. पुढे २०१९ मध्ये एसईसीने जीटी आणि तिच्या माजी सीईओंवर गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याबद्दल कारवाई केली, कारण हप्ता मिळण्याइतकी कामगिरी होत नसताना ती होईल असं सांगितलं जात होतं.

'अमुक कंपनीला तमुकची ऑर्डर' असं नोटिफिकेशन आलं, की शेअर घ्यायला धावणाऱ्यांनी जीटीचं नाव एकदा सर्च करून पाहावं.

तिसरा प्रकार म्हणजे जास्तीचं राखून ठेवणं. डॉटकॉमच्या तेजीत नेटवर्किंगची सामग्री बनवणाऱ्या सिस्कोने पार्ट कमी पडू नयेत म्हणून सप्लायरना मोठमोठ्या ऑर्डरी देऊन ठेवल्या. २००१ मध्ये मागणी आटली आणि २०० कोटी डॉलरहून जास्त किमतीचा माल खात्यातून उतरवावा लागला. टंचाईत जी डील हुशारी वाटते, तीच मंदीत गळ्यात अडकते.

आता रॅमची पाळी

हे सगळं आज का वाचायचं? कारण २०२५ च्या शेवटापासून मेमरीच्या बाजारात हाच खेळ नव्या खेळाडूंसह सुरू आहे.

एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि त्यासाठी मोजायला त्यांच्याकडे पैसा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स या दोघांशी मेमरीसाठी प्राथमिक करार केले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने जाहीर केलं, की साध्या ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा ब्रँड बंद करत आहोत. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन रॅम विकत घेऊन स्वतः पीसी जोडणाऱ्यांना हे नाव चांगलं माहीत आहे. कारण सरळ होतं, डेटा सेंटरकडून येणारी मागणी.

मेमरी बनवणारे तीन, आणि त्यांचा माल राखून ठेवायला येणारं गिऱ्हाईक पीसी कंपन्यांपेक्षा मोठं. अशा वेळी ज्या पीसी कंपनीने आधी भाव बांधून घेतलाय, तिचं मार्जिन काही तिमाही टिकतं. जिने घेतला नाही, तिच्यापुढे दोन रस्ते उरतात: लॅपटॉप महाग करायचा, किंवा त्याच किमतीत रॅम कमी द्यायची. ग्राहकाला दोन्ही दिसतं. मार्जिन नक्की किती महिन्यांच्या कराराच्या आधारावर उभं आहे, हे मात्र गुंतवणूकदाराला सहज दिसत नाही.

गंमत म्हणजे आजच्या डेलसाठी ही डील दोन्ही बाजूंनी लागू होते. एकीकडे ती लॅपटॉपसाठी मेमरी घेते, दुसरीकडे एआयसाठीचे सर्व्हर विकते. सर्व्हरमधली सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे एनव्हिडियाची चिप. विक्रीचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातला बराच पैसा चिप बनवणाऱ्याकडे जातो. स्टिकर बदलला, इतकंच.

कुठे शोधायचं?

आपल्याकडे आता अनेक जण ॲपवरून अमेरिकी शेअर घेतात. तिथल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात 'परचेस ऑब्लिगेशन्स' हा शब्द शोधा. पुढच्या काळात किती रकमेचा माल घेण्याचं कंपनीने कबूल केलंय, हे तिथे असतं. हा आकडा विक्रीपेक्षा खूप वेगाने वाढत असेल, तर कंपनी एकतर फार हुशार आहे किंवा सिस्कोच्या वाटेवर. 'रिस्क फॅक्टर्स'मध्ये एकाच सप्लायरवर अवलंबून असल्याचा उल्लेख असतो. तो दरवर्षी कॉपी-पेस्ट केल्यासारखा वाटतो, पण त्यातलं एखादं वाक्य बदललं असेल, तर ते बदलायला कुणाला तरी कारण मिळालेलं असतं. निकालानंतरच्या कॉलवर विश्लेषक 'मार्जिन का वाढलं?' असं विचारतात, तेव्हा उत्तर गोलगोल येतंय का, तेही ऐका. हे कॉल कंपन्यांच्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात.

भारतातही लॅपटॉपची जोडणी वाढतेय. आयटी हार्डवेअरसाठीच्या १७,००० कोटी रुपयांच्या दुसऱ्या पीएलआय योजनेला केंद्राने मे २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि हे काम करणाऱ्या काही कंपन्या शेअर बाजारात लिस्टेड आहेत. प्रोसेसर आणि मेमरी मात्र अजून बाहेरूनच येते, त्यामुळे भावाची दोरी बाहेरच्याच हातात आहे. महत्त्वाच्या घडामोडी ठरावीक वेळेत शेअर बाजाराला कळवण्याचं बंधन सेबीच्या नियमांनी लिस्टेड कंपन्यांवर घातलंय, म्हणून नव्या ऑर्डरची बातमी लगेच मोबाइलवर येते. पार्ट कोणत्या भावाने मिळतोय आणि त्यात रिबेट किती, याची बातमी येत नाही. ते नफा-तोटा पत्रकातल्या 'कॉस्ट ऑफ मटेरियल्स कन्झ्युम्ड' या एका ओळीत मिसळलेलं असतं.